नुकताच राष्ट्रीय संरक्षित स्मारक झालेला जुना वाडा पाहायला जायचंय. आत सोडतात का? तिकीट, वेळ, फोटो यांचं काय?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की बातमी वाचली, वाडा ‘राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक’ झाला आणि आता घरच्या मंडळींना घेऊन जायचंय. आत सोडतात, पण कुठपर्यंत सोडतात हे बातमीवरून कळत नाही. त्यासाठी राजपत्र, म्हणजे सरकारी अधिसूचना जिथे छापतात ते, उघडायला लागतं.

केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. त्यात घोषणा दोन टप्प्यांत होते. आधी ‘जाहीर करण्याचा इरादा आहे’ अशी अधिसूचना निघते. तिची प्रत वास्तूजवळ ठळक जागी लावतात आणि हरकतींसाठी दोन महिने देतात. हरकतींचा विचार झाल्यावर अंतिम अधिसूचना निघते. वर्तमानपत्रं पुष्कळदा पहिल्या टप्प्यालाच ‘झालं’ म्हणून छापतात. त्या मधल्या काळात गेलात आणि मालकाने दारातूनच परत पाठवलं, तर तो काही चुकत नाही. तोवर कुणाला आत घ्यायचं ते त्याच्याच हातात.

ई-राजपत्राच्या संकेतस्थळावर अंतिम अधिसूचना सापडली की तिच्या शेवटचा तक्ता बघा. मजकूर हिंदी-इंग्रजीत असतो, पण तक्ता समजायला अवघड नाही. राज्य, जिल्हा, गाव, स्मारकाचं नाव, संरक्षणाखाली घेतलेला सर्व्हे किंवा प्लॉट नंबर, क्षेत्रफळ, चतुःसीमा आणि मालकी. बहुतेक जण नाव वाचून थांबतात. तुमच्या कामाचे रकाने दोन. चतुःसीमेवरून कळतं की अख्खा वाडा घेतलाय की नुसता दर्शनी भाग आणि पहिला चौक. मागचा चौक, विहीर, तबेला हद्दीबाहेर राहिला असेल तर तिथे आत सोडायचं की नाही याच्याशी पुरातत्त्व खात्याचा (भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण) काही संबंध नाही.

दुसरा रकाना मालकीचा. स्मारक जाहीर झालं म्हणून घर सरकारचं होत नाही. मालक मालकच राहतो, तिथे राहूही शकतो. फक्त पाडणं, बदलणं, खराब करणं यावर बंदी येते. खातं मालकाशी करार करू शकतं आणि असा करार असेल तर लोकांना कधी, किती आत सोडायचं हे त्या करारानुसार ठरतं, सर्वसाधारण वेळा तिथे चालत नाहीत. रकान्यात ‘खासगी’ दिसलं तर आधी विचारल्याशिवाय जाऊ नका. ‘सरकारी’ असेल आणि वेगळी वेळ ठरवलेली नसेल, तर सूर्योदय ते सूर्यास्त हा नियम. तरीही धोक्याचा भाग कायमचा किंवा तात्पुरता बंद ठेवायचा अधिकार खात्याला आहे, आणि नव्या स्मारकातही तो वापरला जाऊ शकतो.

आणखी एक गोंधळ आधीच मिटवून घ्या. रत्नागिरीचं टिळक जन्मस्थान किंवा पुण्याचा फुले वाडा ही राज्य संरक्षित स्मारकं आहेत, त्यांना महाराष्ट्राचा १९६० चा वेगळा कायदा लागू होतो आणि ती राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत. शनिवारवाडा केंद्राकडे. विश्रामबागवाडा महापालिकेचा. एकट्या पुण्यात तीन कारभारी, तीन तऱ्हा. शिवाय नेते ‘राष्ट्रीय स्मारक करू’ म्हणतात ती गोष्टच निराळी. पुण्यातल्या भिडेवाड्यासाठी (फुल्यांनी मुलींची शाळा काढली तो वाडा) राष्ट्रीय स्मारकच ठरलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये जुनी इमारत पाडली गेली, कारण तिथे नवं स्मारक उभारायचं होतं. केंद्राच्या यादीतली वास्तू अशी पाडता येत नाही. त्या यादीसाठी वास्तू किमान १०० वर्षं जुनी लागते.

तिकिटाचं सोपं आहे. केंद्राकडे साडेतीन हजारांहून जास्त स्मारकं आहेत, त्यातल्या दीडशेच्या आतबाहेर ठिकाणीच तिकीट लागतं. तिकीट लावायला नियमांच्या परिशिष्टात नाव घालावं लागतं, त्यामुळे नवं स्मारक बहुधा फुकटच असतं. पुढे लागलंच तर १५ वर्षांखालच्या मुलांना माफ असतं. पावतीशिवाय कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

फुकट म्हणजे सोयीही नाहीत, हे गृहीत धरा. स्वच्छतागृह नाही, पिण्याचं पाणी नाही, माहितीफलक नाही, संरक्षित स्मारकाची निळी पाटी असली तर नशीब. खिडक्या बंद असतात म्हणून भर दुपारीसुद्धा माजघरात अंधार, तेव्हा मोबाइलच्या उजेडावर न राहता हातात बॅटरी ठेवा. जिने बहुतेक वेळा भिंतीच्या जाडीतून काढलेले असतात, एका वेळी एक माणूस जाईल एवढेच, पायऱ्या उंच आणि वरचा दरवाजा कपाळावर बसेल इतका ठेंगणा. गुडघे दुखणाऱ्यांना खालच्या चौकातच बसवा. पावसाळ्यात जाऊ नका. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत सकाळी दहाच्या सुमारास उजेड चौकात चांगला उतरतो.

वरचा मजला दोर बांधून बंद ठेवलेला दिसेल आणि तिथे हुज्जत घालणारेही दिसतील. दोर का असतो ते सांगतो. माडीची जमीन म्हणजे तुळयांवर कडीपाट (लाकडी कड्या आणि फळ्या), त्यावर माती आणि वर चुन्याचा थर. कौलं फुटून पाणी झिरपलं की ती माती भिजून जड होते. त्याच वेळी तुळईचं टोक, जे भिंतीत गाडलेलं असतं, ओल धरून आतून कुजतं. मधली तुळई ठणठणीत दिसते, टोक मात्र भुसा झालेलं असतं. खालून बघितलं तर भिंतीला चिकटून लावलेले लोखंडी टेकू दिसतील, ते याचसाठी. दोन तुळयांमधल्या एका खणात दहा माणसं सेल्फीसाठी गोळा झाली की काय होईल, ते पाहायला थांबू नका.

खालीच बघण्यासारखं भरपूर असतं. खांबाच्या बुडाशी दगडी तळखडा बघा. तो नुसता शोभेचा नाही, जमिनीची ओल लाकडात चढू नये म्हणून असतो. मागे कधीतरी फरशी घालून जमीन उंच केली असेल तर तळखडा अर्धा गाडला गेलेला दिसतो आणि त्या खांबाच्या पायाशी हमखास कूज किंवा वाळवीची मातीची वळी असते. मग विटांचे सांधे बघा. चुन्याचे सांधे फिकट आणि थोडे झिजलेले असतात. राखाडी, कडक सांधे म्हणजे नंतरचं सिमेंट. भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडते, सिमेंटमधून पडत नाही, म्हणून ती विटेतून वाट काढते, क्षार फुगतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात. सांधा पुढे आलेला आणि वीट आत गेलेली दिसली की समजायचं, दुरुस्तीनेच नुकसान केलंय. नखाने खरवडून खात्री करायची मात्र नाही. स्मारकाला इजा केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. भिंतीवर नाव कोरणं त्यातच येतं.

हाताने फोटो काढायला सहसा हरकत नसते. तिपाई, दिवे, व्यावसायिक चित्रीकरण आणि ड्रोन यांना आधी परवानगी लागते, प्रीवेडिंगलाही. आत डबा उघडू नका, नियमाने खाणं-शिजवणं ठरवलेल्या जागेखेरीज बंद आहे. कुत्रं आणू नका.

गाडी लांब लावा. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीशिवाय बांधकाम किंवा दुरुस्ती करता येत नाही. त्यामुळे शेजारच्यांची घरं दुरुस्तीवाचून अडकलेली असतात आणि वाडा ‘राष्ट्रीय’ झाल्याचा आनंद त्यांना असेलच असं नाही. त्यांच्या दारात गाडी लावून ‘वाडा कुठाय’ विचारलं तर उत्तर तुसडं मिळेल. नकाशावरची खूणही पुष्कळदा चुकते, म्हणून राजपत्रातलं गाव आणि चतुःसीमा फोनमध्ये साठवून ठेवा.

जाण्याआधी एक ईमेल करा, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तुमच्या भागातल्या मंडल कार्यालयाला. महाराष्ट्रात मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे ही कार्यालयं आहेत. तीनच गोष्टी विचारा: सध्या दुरुस्ती चालू आहे का, कोणता भाग खुला आहे, किल्ली कुणाकडे असते. तिसरा प्रश्न विसरू नका. छोट्या स्मारकांवर एकच पहारेकरी असतो आणि तो जेवायला गेला की कुलूप.