पाचारण नवऱ्याला, पासपोर्ट सगळ्यांचे

पत्र थोडक्यात असं:

‘ताई, मी ३९ वर्षांची, नालासोपाऱ्यात राहते, मराठी शाळेत शिक्षिका आहे. आम्ही पिढीजात ख्रिस्ती. नवरा एका सहकारी बँकेत लेखा विभागात आहे. गेल्या वर्षी मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, शिबिरात त्याला परदेशात सेवा करण्याचं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, झालं. केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला एका मिशनची शाळा आणि दवाखाना आहे, तिथले हिशेब सांभाळायला त्याला बोलावलंय. जुलैत निघायचं आहे. लेक नववीत आहे, मुलगा ८ वर्षांचा. सासूबाई ७४ वर्षांच्या, आमच्याकडेच असतात. दीर म्हणतात, आईला पुण्याला नेतो. राहता फ्लॅट विकायचं चाललंय. पाळकांनी भर उपासनेत सांगून टाकलं की हे कुटुंब जातंय. टाळ्या वाजल्या, सगळे बघत होते, म्हणून मीही उभी राहिले. पण ताई, पाचारण मला झालेलं नाही. नवरा म्हणतो, तुझा विश्वास कमी पडतोय. मी नाही म्हटलं तर देवाचं काम अडवल्याचा दोष मला लागेल का?’

बाई गं, दोष लागतो की नाही हे सांगायचा अधिकार माझा नाही. मी तुमच्या मंडळीतली नाही, चर्चला गेले तेही मैत्रिणींच्या लग्नांना. तो प्रश्न एखाद्या जाणत्या पाळकांना विचार, फक्त ज्यांनी तुला न विचारता ती घोषणा केली त्यांना नको. दुसऱ्या मंडळीतल्या, जमलं तर पाळकाच्या बायकोला विचार. असल्या गोष्टी तिला जास्त कळतात.

मला दिसतं ते एवढंच, की तुला अजून कोणी विचारलेलंच नाही. उपासनेत उभं राहणं म्हणजे होकार नव्हे. लग्नाच्या बैठकीत मुलगी मान खाली घालून बसली की तिची पसंती धरायचे, त्यातलाच हा प्रकार.

विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्याचं नाव तुझ्या नवऱ्याने शिबिरात नक्की ऐकलं असणार. मराठीवर त्याचे उपकारही आहेत. त्याचं मराठी व्याकरण १८०५ साली आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० साली श्रीरामपूरला छापला गेला (बंगालातलं श्रीरामपूर, आपलं नगरचं नव्हे). पण त्याच्या बायकोचं, डोरोथीचं काय झालं, ते सहसा कोणी सांगत नाही. १७९३ साली तो इंग्लंडहून निघाला तेव्हा तिने येत नाही म्हणून सांगितलं होतं. तो थोरल्या मुलाला घेऊन निघालाही. त्या जहाजावरून त्यांना उतरवलं गेलं, म्हणून तो सोबतच्या डॉक्टरला घेऊन परत घरी आला, आणि त्या दोघांनी थोडक्या वेळात तिचं मन वळवलं. बहीण बरोबर येणार असेल तर येते, एवढी एकच अट तिने घातली. मांडीवर काही आठवड्यांचं बाळ होतं. पुढच्याच वर्षी बंगालात तिचा ५ वर्षांचा पीटर गेला. त्यानंतर तिचं मन जे ढळलं ते १८०७ मध्ये ती जाईपर्यंत सावरलं नाही. आणि शेजारच्या खोलीत नवऱ्याचं भाषांतराचं थोर काम चालू होतं.

तुझंही असंच होईल, असं मला म्हणायचं नाही. मुंबईहून नैरोबी सहा-सात तासांचं विमान आहे, व्हॉट्सअॅप आहे, आणि तू नोकरी करणारी, शिकलेली बाई आहेस. पण मन वळवून मिळवलेला होकार पुढे किती टिकतो, याचा तो जुना दाखला आहे आणि तो तुमच्याच परंपरेतला आहे. हा परिच्छेद नवऱ्याला वाचायला दे. चिडला तर चिडू दे.

आता तुमच्या फ्रिजवरच्या यादीकडे येते. तू तिचा फोटो पाठवलास ते फार बरं केलंस. ‘पासपोर्ट, लसी, चार बॅगा, पीएफ, फ्लॅट, गॅस सिलिंडर परत’, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत ‘आई’ आणि पुढे प्रश्नचिन्ह. गॅस सिलिंडरचं काय करायचं ते ठरलंय, आईचं नाही. तुझा नवरा वाईट माणूस आहे असं मला यातून वाटत नाही. त्याला तो प्रश्न झेपत नाहीये, म्हणून त्याने तो खाली ढकललाय.

सासूबाईंबद्दल तू एकच गोष्ट लिहिलीस, पण ती पुरेशी आहे. गुडघे दुखत असताना, मेगाब्लॉकच्या रविवारीसुद्धा, दादरला पूल चढून गाडी बदलून त्या भायखळ्याच्या उपासनेला जातात. बुधवारी स्त्रियांची प्रार्थनासभा असते, तीही चुकवत नाहीत. म्हणजे त्यांचं जग तिथे आहे, आणि दिरांनी मोठ्या मनाने पुण्याला न्यायचं म्हटलं तरी ते जग पुण्याला हलत नाही. त्यांना कोणी विचारलंय? तू विचार. एकटीने, नवरा घरी नसताना. ‘माझं काय, तुम्ही जा’ असं त्या म्हणतीलच. त्यावर गप्प बसून राहा, पुढचं वाक्य येईपर्यंत.

आणि फ्लॅट विकायचा नाही. इथे मी सल्ला देत नाही, हट्ट धरतेय. मिशनचा करार दोन-तीन वर्षांचा असतो. माणसं आजारी पडून, मुलांसाठी, कधी संस्थेशी न पटून मधेच परत येतात आणि त्यात नामुष्की काही नाही. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनचे दोघे मुंबईत पहिल्यांदा उतरले, हॉल आणि नॉट. त्यातला सॅम्युअल नॉट तब्येतीमुळे दोन-अडीच वर्षांतच परतला. परत आल्यावर नालासोपाऱ्यात आज विकलेल्या भावात घर मिळेल, हे तुझ्या नवऱ्याने बँकेतल्या कर्ज विभागाला विचारून बघावं. सासूबाईंना त्याच घरात कोणा नात्यातल्या बाईबरोबर राहता आलं तर सोन्याहून पिवळं. नाहीतर ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर द्या. सोसायटीला आणि पोलीस ठाण्याला कळवा, विश्वासातल्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करा. पीएफलाही हात लावू नका. मंडळीतले लोक दर महिन्याला मदत पाठवू म्हणतात ते मनापासूनच म्हणतात, पण दुसऱ्या वर्षी कोणाच्या घरी लग्न निघतं, कोणाची नोकरी जाते. मिशनकडून पगार, आरोग्य विमा, मधे घरी यायची सुट्टी आणि तातडीने परतायची वेळ आली तर तिकीट कोणाच्या खर्चाने, हे सगळं लेखी घ्या.

लेखी घ्यायच्या गोष्टींत तुझं काम हवंच. नवरा तिथे धार्मिक-सेवाभावी कामाच्या ‘आय’ वर्गाच्या परवान्यावर जाईल. तू आणि मुलं त्याच्यावर अवलंबून म्हणून जाल, आणि त्या पासवर तुला तिथे नोकरी करता येणार नाही. त्यासाठी तुझा स्वतःचा परवाना लागेल. इतकी वर्षं वर्गावर उभी राहणारी बाई दिवसभर घरात काय करणार, याचा विचार कोणी केलाय? केनियात २०१९च्या जनगणनेत ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हणून नोंदवलं. तिथे सुवार्ता सांगणाऱ्यांची वानवा नाही. हिशेबनीस आणि शिक्षिका उपयोगी पडतील, म्हणून मिशनला विचार, त्यांच्या शाळेत माझी जागा कुठली? उत्तर नीट आलं तर कदाचित तुलाच जावंसं वाटेल. तुझ्या पत्रात फळा-खडूविषयी जितकं प्रेम दिसलं तितकं दुसऱ्या कशाविषयी दिसलं नाही. इथल्या नोकरीचा राजीनामा मात्र इतक्यात देऊ नकोस, आधी बिनपगारी रजा मिळते का ते मुख्याध्यापकांना विचार.

मुलाला अंड्याची अॅलर्जी आहे, असं तू ओझरतं लिहून गेलीस. ते ओझरतं नाही. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो. नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस निघायच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, आणि ती अंड्यात वाढवलेली असते. तीव्र अॅलर्जी असलेल्याला ती सरसकट देत नाहीत. तेव्हा बॅगा नंतर, आधी मुलाला अॅलर्जीच्या डॉक्टरांकडे ने. सरोवराच्या काठी मलेरियाही भरपूर आहे, त्याच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारून घे. एखादवेळी जुलैची तारीख या एकाच कारणाने पुढे जाईल आणि तुला कोणाशी भांडावंही लागणार नाही.

पण भांडावं लागलं तर लेकीसाठी भांड. नववी झालेल्या मुलीला जूनमध्ये दहावीत बसवायचं आणि जुलैत उचलून दुसऱ्या खंडात न्यायचं, हे कुठल्याही पाचारणात बसत नाही. मिशनऱ्यांच्या मुलांना वसतिगृहात ठेवायची रीत तिकडे जुनी आहे. किजाबेची निवासी शाळा १९०६ पासून चालू आहे आणि तिथला अभ्यासक्रम अमेरिकन. मराठी माध्यमातून आलेली पंधरा वर्षांची मुलगी तिथे काय करेल, ते तू शिक्षिका म्हणून मला सांग. तिची दहावी इथेच होऊ दे, मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा झाली की पुढचं बघा. हवं तर नवऱ्याने आधी एकट्याने तीन-चार महिने जाऊन यावं. मिशनला हिशेबनिसाची खरोखर गरज असेल तर ते थांबतील.

हे नवऱ्याला सांगताना ‘माझा विश्वास’ या विषयात शिरू नकोस. त्या वादात तो शिबिरात ऐकलेली वचनं काढेल आणि तू रडशील. ‘मी नाही म्हणत नाहीये, जुलैला नाही म्हणतेय, आणि मला हो म्हणायला एक वर्ष हवंय,’ एवढंच म्हण. मग दोघांनी मिळून पाळकांकडे जा, आणि तारीख बदलल्याचं त्यांनीच पुढच्या रविवारी त्याच जागेवरून जाहीर करावं, असं सांग. वर्षानंतरही तुझं उत्तर ‘नाही’ असंच असलं, तर ते ‘नाही’च धरायचं, हेही त्याच बैठकीत बोलून घे.

निरोपाच्या जेवणाला केटरर सांगून ठेवलाय म्हणतेस. त्याला लवकर फोन कर, नाहीतर दिलेला आगाऊ बुडेल.