देवी झोपलेली असताना तुळजापूरला जावं का?

प्रश्न : ताई, आमची कुलदेवता तुळजाभवानी. लग्नाला तीन वर्षं झाली पण अजून जाणं झालं नाही, सासूबाई नाहीत त्यामुळे रीतभात सांगणारं घरात कोणी नाही. यंदा सुट्टी नेमकी दसऱ्यानंतर मिळतेय आणि जाऊबाई म्हणतात तेव्हा देवी झोपलेली असते, जाऊ नका. खरंय का? आणि परडी, गोंधळ हे सगळं तिथेच करावं लागतं का? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : जाऊबाईंचं अर्धं बरोबर आहे. देवी झोपलेली असते हे खरं, पण जाऊ नका असं कुठेच नाही, उलट मी तर म्हणेन याच दिवसात जा. तुळजापूरची मूर्ती चल आहे, म्हणजे सिंहासनावरून उचलता येते, आणि वर्षातून तीन वेळा मिळून २१ दिवस देवी पलंगावर निजते. भाद्रपदात नवरात्राच्या आधी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा. नऊ दिवस महिषासुराशी लढून आई दमली म्हणून ती श्रमनिद्रा. आपल्या घरात आई दमून पडली तर आपण तिला भेटायला जायचं थांबतो का? फक्त हळू बोलतो. दर्शन सुरू असतं, पण पंचामृताचा अभिषेक आणि सिंहासन पूजा तेव्हा होत नाही, त्यामुळे अभिषेकाचं मनात असेल तर कोजागिरी पौर्णिमेनंतरचा दिवस धरा.

आणि हो, तो पलंग बघाच. तो तयार होतो पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावला आणि जुन्नर, नगर असं करत गावोगावी ओवाळून घेत तुळजापूरला येतो, पालखी येते नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून तेली समाजाच्या मानाची. सीमोल्लंघनाला देवीला १०८ साड्यांचं दिंड गुंडाळून त्या पालखीतून मिरवतात, पिंपळपारावर विसावा होतो, कुंकू इतकं उधळतात की समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही, नंतर देवी पलंगावर. एका देवीला निजवायला इतक्या गावांचे हात लागतात, मला तर दरवर्षी भरून येतं.

आता रीतभात. मंदिर खाली आहे, महाद्वारातून पायऱ्या उतरत जायचं, वाटेत कल्लोळ तीर्थ आणि गोमुख लागतं तिथे हातपाय धुवायचे. ओटीत साडी किंवा खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, एवढं पुरे. दुकानदार मोठं ताट पुढे करतील, घाबरून घेऊ नका. परडी, म्हणजे देवीच्या नावाने जोगवा मागायची टोपली, आणि कवड्यांची माळ घराण्यात चालत आली असेल तरच घ्या, कारण परडी घेतली की मंगळवार-शुक्रवारी जोगवा मागायचा नेम येतो आणि तो पाळावा लागतो. सासऱ्यांना नाहीतर गावाकडच्या एखाद्या वयस्कर आत्याबाईंना एक फोन करून विचारा, पाच मिनिटात कळेल. गोंधळ घरीसुद्धा होतो, ऊस किंवा ज्वारीची पाच ताटं उभी करून चौक मांडायचा, गोंधळी संबळ-तुणतुणं घेऊन येतात. तीन वर्षं उशीर झाला म्हणून देवी कोपेल वगैरे मनातून काढा, प्लीज.

प्रश्न : कोजागिरीला सोलापूरहून चालत जायचंय, वय ५२, जमेल का?

उत्तर : अंतर साधारण ४५ किलोमीटर. गुडघ्याचं किंवा शुगरचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि नेम अनवाणीचा नसेल तर जुनी वापरातली चप्पल घाला, नवे बूट अजिबात नको. मी चार वेळा चाललेय, पहिल्या वर्षी नवीन बुटांनी तामलवाडीच्या अलीकडेच टाचेला फोड आला होता. रस्त्याच्या कडेला बसले तर एका अनोळखी आजींनी काही न विचारता माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, खोबरेल चोळलं, चिंधी बांधली आणि म्हणाल्या चल ऊठ, आई जागी व्हायच्या आत पोचायचंय. चहा, केळी, खिचडी वाटेत लोक हातात आणून देतात त्यामुळे पिशवी हलकी ठेवा. पौर्णिमेला पहाटे देवी परत सिंहासनावर बसते, सोलापूरच्या मानाच्या काठ्याही येतात. तुम्ही ऊन उतरल्यावर निघा, रात्रभर चांदण्यात चाला, आणि पाय थकले की मोठ्यानं म्हणा, आई राजा उदो उदो. पुढून-मागून शंभर जण साथ देतात.