कॅन्सस सिटी रॉयल्स ह्या बेसबॉल टीमने २०१२ मध्ये टॅम्पाच्या टीमला विल मायर्स हा तरुण बॅटर देऊन त्यांचा पिचर (बॉल टाकणारा) जेम्स शील्ड्स घेतला, तो ट्रेड म्हणजे खेळाडूंची अदलाबदल खरंच चुकली होती का?

मी तेव्हा कॅन्सस सिटीत नवीन होतो, ऑफिसातल्या मंडळींमुळे बेसबॉलचा नाद लागलेला, आणि डिसेंबरात हा ट्रेड झाला त्या दिवशी लंचला अक्षरशः सुतक असल्यासारखे चेहरे होते.

राग बरोबरच होता म्हणा. मायर्स जेमतेम २२ चा, त्याच सीझनला मायनर लीगमध्ये (मुख्य लीगच्या खालच्या लीगमध्ये) ३७ होमरन मारलेले, आणि असा पोरगा सहा वर्षं स्वस्तात हाताशी राहतो. शील्ड्सचं कॉन्ट्रॅक्ट फक्त दोन वर्षांचं उरलेलं. वर ओडोरिझी, माँटगोमेरी आणि लेनर्ड हे तीन पोरगेही टॅम्पाला दिले. म्हणजे पेरायचं बियाणं दळून भाकऱ्या भाजल्या, असं सगळे म्हणत होते, मीपण म्हणालो. त्यात २०१३ ला मायर्स रुकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा) झाला आणि आपण ८६ मॅच जिंकूनही प्लेऑफ (सीझननंतरचे बाद सामने) न गाठता घरी, मग तर विचारूच नका.

पण माझं मत नंतर बदललं, आणि ते शील्ड्समुळे नाही बरं का. शील्ड्सने दोन सीझन मिळून साडेचारशेच्या वर इनिंग टाकल्या, तरण्या पिचर्सच्या डोक्यावरचा भार उचलला, हे मान्यच, १९८५ नंतर पहिल्यांदा २०१४ ला टीम प्लेऑफला गेली त्यात त्याचा मोठा वाटा. मात्र "बिग गेम जेम्स" हे टोपणनाव मिरवणाऱ्या माणसाने त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये (अंतिम लढतीत) सुरू केलेल्या दोन्ही मॅच हरल्या आणि मग सॅन डिएगोच्या टीमकडे निघून गेला.

खरी कमाई वेड डेव्हिस, शील्ड्सबरोबर ह्याच ट्रेडमध्ये आलेला पिचर, ज्याच्याकडे ट्रेडच्या दिवशी कोणाचं लक्षच नव्हतं. २०१३ ला स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर) म्हणून त्याने इतका मार खाल्ला की ईआरए पाचच्या वर, म्हणजे नऊ इनिंगला सरासरी पाचावर रन. मग त्याला रिलीव्हर (नंतर येऊन थोडेच टाकणारा) केला तर २०१४ ला ७२ इनिंगमध्ये ईआरए बरोब्बर १.०० आणि होमरन एकही नाही, २०१५ ला ०.९४, आणि त्या वर्षी मेट्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा शेवटचा स्ट्राइकआउट त्याचाच. आता रॉयल्सचा तेव्हाचा जनरल मॅनेजर डेटन मूरने हे सगळं आधीच ओळखलं होतं असं कोणी सांगत असेल तर हसून सोडून द्या, ओळखलं असतं तर जवळजवळ अख्खं २०१३ त्याला स्टार्टर म्हणून का खेळवला असता? नशीबही लागलं. पण ३० वर्षांनी ट्रॉफी आली ना, मी तर हाच सौदा दहादा करेन.

आणि टॅम्पाने तरी मायर्स कुठे ठेवला, दोन सीझन खेळवून सॅन डिएगोला देऊन टाकला. गंमत म्हणजे माँटगोमेरी फिरत फिरत २०१६ ला शिकागो कब्ज ह्या टीमकडे पोचला आणि त्या वर्ल्ड सिरीजचा शेवटचा आउट त्याने काढला, म्हणजे लागोपाठ दोन वर्षं शेवटचा आउट ह्याच ट्रेडमधल्या माणसाचा, फक्त एक आलेला आणि एक आपण दिलेला.