पेटंट अजून 'पेंडिंग' असताना बारकोडच्या कंपनीत लोक पैसे का घालतात?

तुमचा प्रश्न असा आहे की एखाद्या कंपनीच्या बारकोड तंत्राला पेटंट मिळालेलं नाही, नुसता अर्ज दाखल आहे, मग गुंतवणूकदार एवढे उत्सुक का? मी पेटंटचे मसुदे लिहितो, आणि पैसे घालण्याआधी असे अर्ज तपासून द्यायचं कामही करतो.

पहिलं कारण म्हणजे अर्जाची तारीख. त्यानंतर दुसऱ्या कुणी तेच शोधून अर्ज केला तरी तो मागे पडतो. पण खरी ओढ असते ती दाव्यांची, म्हणजे शोधातल्या नेमक्या कशावर हक्क मागितलाय ते सांगणाऱ्या कलमांची. मंजूर झालेल्या पेटंटचं कुंपण किती मोठं आहे ते कुणालाही वाचून कळतं. प्रलंबित अर्जात ते कुठवर जाणार हे पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाशी होणाऱ्या पत्रव्यवहारात ठरायचं असतं. तोवर संस्थापक साहजिकच मोठ्यात मोठी हद्द दाखवतो आणि कंपनीची किंमतही त्याच हिशेबाने सांगतो.

बारकोडच्या इतिहासात याची दोन टोकं आहेत. नॉर्मन वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांनी बारकोडच्या शोधासाठी अमेरिकेत 1949 मध्ये अर्ज केला, 7 ऑक्टोबर 1952 ला पेटंट मिळालं. शोध अस्सल होता, पण तो कोड दुकानात वाचायला लागणारा लेझर आणि स्वस्त संगणक तेव्हा नव्हता. मुदत मंजुरीपासून 17 वर्षं, म्हणजे 1969 पर्यंत. आज आपण पाहतो त्या किराणा बारकोडचं पहिलं स्कॅनिंग झालं 26 जून 1974 ला, ओहायोतल्या ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये, रिग्लीच्या च्युइंगमवर. पेटंट विकून दोघांना मिळाले होते 15,000 डॉलर. सिल्व्हर तर 1963 मध्येच वारले.

दुसरं टोक अमेरिकन संशोधक जेरोम लेमेल्सन. यंत्राने प्रतिमा तपासण्याविषयी त्यांनी 1954 आणि 1956 मध्ये अर्ज केले, आणि त्यांनाच पुढचे अर्ज जोडत ते दशकानुदशकं जिवंत ठेवले. त्या काळी अमेरिकेत मंजुरीपर्यंत अर्ज गुप्त राहायचा आणि मुदत मंजुरीपासून मोजली जायची. त्यामुळे स्कॅनर बाजारात रुळल्यावर, ते समोर ठेवून नवे दावे लिहिता आले. परवाना शुल्कापोटी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम गोळा झाली. सिम्बॉल, कॉग्नेक्स या असली यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या लेमेल्सन यांच्या पेटंटांविरुद्ध कोर्टात गेल्या. अवाजवी विलंबामुळे त्या पेटंटांच्या जोरावर कुणाला अडवता येणार नाही, असा निकाल नेवाडाच्या फेडरल कोर्टाने जानेवारी 2004 मध्ये दिला, आणि 2005 मध्ये तो अपिलातही टिकला. वुडलँड-सिल्व्हरना मिळालेल्या रकमेशेजारी हा आकडा ठेवला की मला अजूनही वाईट वाटतं.

तो मार्ग आता बंद आहे. अमेरिकेत 8 जून 1995 पासून केलेल्या अर्जांची मुदत दाखल केल्यापासून 20 वर्षं धरतात, भारतातही तसंच आहे. अर्ज जितका रेंगाळेल तितकी पेटंटची कमाईची वर्षं कमी होतात. 'अजून पेंडिंग आहे' हे वाक्य दुसऱ्या वर्षी ऐकताना जेवढं आकर्षक वाटतं, तेवढं आठव्या वर्षी वाटू नये.

कंपनी भारतातली असेल तर आधी विचारा, अर्ज प्रोव्हिजनल (तात्पुरता) आहे की पूर्ण? प्रोव्हिजनल अर्जात दावे लागतच नाहीत, आणि 12 महिन्यांत पूर्ण तपशील दिला नाही तर तो सोडून दिल्याचं मानलं जातं. 'पेटंट पेंडिंग' मात्र त्या काळातही म्हणता येतं. पूर्ण अर्ज असेल तर साधारण 18 महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो आणि पेटंट कार्यालयाच्या इनपास या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. तिथे पहिला परीक्षण अहवाल, म्हणजे परीक्षकाने घेतलेल्या हरकतींचा कागद, शोधा. बारकोडच्या अर्जांना बहुतेक वेळा पेटंट कायद्याचं कलम 3(के) आडवं येतं, कारण निव्वळ अल्गोरिदम किंवा संगणक प्रोग्रॅमला आपल्याकडे पेटंट मिळत नाही. त्यावर कंपनीने काय उत्तर दिलं आणि त्यात दाव्यांतून काय काय वगळलं, हे गुंतवणूकदारांना दाखवतात त्या सादरीकरणात सहसा नसतं. मी तपासणीत सगळ्यात जास्त वेळ याच कागदांवर घालवतो.

कुणी नक्कल केली तर कंपनी आजच खटला भरू शकेल, असंही समजू नका. प्रसिद्धीच्या तारखेपासून हक्क धरले जातात, पण खटला मंजुरीनंतरच भरता येतो. तोवर मंजुरीला कुणीही विरोध नोंदवू शकतो.

आणि 'जागतिक पेटंट' असं कुणी म्हणालं तर कोणकोणत्या देशांत अर्ज केलाय ते विचारा. सगळ्या जगाला लागू होणारं पेटंट नसतं. पहिल्या अर्जाची तारीख परदेशातही लागू व्हायला हवी असेल, तर तिथला किंवा आंतरराष्ट्रीय पीसीटी अर्ज (अनेक देशांसाठी मिळून करायचा एकच अर्ज) 12 महिन्यांत करावा लागतो. ती मुदत टळली असेल आणि मधल्या काळात शोध प्रसिद्ध झाला असेल, तर बहुतेक परदेशी बाजारांत ते तंत्र कुणीही मोकळेपणी वापरू शकतं.