गेम बॉय कलरमधली पाऊच फुगली? पेन्सिल सेलवर परत या

तुम्ही फोटो पाठवून विचारलंय की गेम बॉय कलरमध्ये (निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा जुना कन्सोल) पेन्सिल सेलच्या जागी बसवलेली लिथियम पाऊच, म्हणजे पातळ पिशवीसारखी बॅटरी, फुगली, आता काय बसवू? आधी तातडीचं. तो गेम बॉय कलर आता चार्जिंगला लावूच नका. मागचं झाकण बाहेर आलंय म्हणजे आतली लिथियम पाऊच गॅस धरून फुगली आहे. ती दाबून बसवायची नाही आणि टोचून गॅस काढायचा तर अजिबात नाही. काढताना दोन्ही वायरी एकदम कापल्या तर कात्रीच शॉर्ट करते, म्हणून एक कापा, टोकाला टेप लावा, मग दुसरी. पाऊच कोरड्या वाळूच्या डब्यात, घराबाहेर ठेवा.

आता तुमचा मूळ प्रश्न: तिच्या जागी नवी पाऊच, नोकिया फोनची बीएल-५सी बॅटरी की १८६५० हा गोल लिथियम सेल? माझं स्पष्ट मत, तिन्ही नकोत. हा कन्सोल १९९८ साली दोन पेन्सिल (एए) सेलवर चालेल असाच बनवला होता. तिथेच परत न्या.

लिथियम म्हणजे जास्त वेळ चालणार, असं सगळे धरून चालतात. हिशोब करून बघा. तुमची पाऊच ५०० एमएएच, ३.७ व्होल्ट, म्हणजे १.८५ वॉट-तास. २००० एमएएचचे दोन निकेल-मेटल हायड्राइड रिचार्जेबल सेल मिळून २.४ व्होल्ट, म्हणजे ४.८ वॉट-तास. अडीच पटीहून जास्त! बीएल-५सीसुद्धा ३.७ वॉट-तासांच्या आसपासच थांबते. १८६५० मध्ये दम आहे, पण १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब सेल कवच कापल्याशिवाय बसत नाही. शिवाय असा लिथियम सेल पूर्ण चार्ज झाला की साधारण ४.२ व्होल्ट देतो, आणि हे यंत्र ३ व्होल्टचं आहे.

पाऊच का फुगली असेल, याचा माझा अंदाज सांगतो. तुमच्या फोटोत यूएसबीच्या तोंडाशी जो छोटा बोर्ड ग्लू-गनने चिकटवलाय तो टीपी४०५६ या लिथियम चार्जिंग चिपचा आहे. त्यावर चिपजवळ '१२२' छापलेला बारीक रेझिस्टर दिसेल. तो १.२ किलोओहमचा, आणि त्याने चार्जिंगचा करंट १ अँपिअर ठरतो. ५०० एमएएचच्या पाऊचला हे क्षमतेच्या दुप्पट झालं. बोर्ड बाजारातून तसाच येतो, बदलायचं कुणी बघत नाही. त्यात चार्जिंग चालू असताना खेळलात तर आणखी वाईट. करंट १०० मिलीअँपच्या खाली आला की चिप चार्जिंग थांबवते, पण कन्सोलच तेवढा करंट खात असेल तर ते थांबणार कसं?

परतीचा रस्ता अवघड नाही. बॅटरीच्या कप्प्यातली भिंत कापलेली आहे, त्यामुळे मागचं कवच नवं घ्या. सेलच्या टोकांना टेकणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्याही घ्या. स्क्रू तीन पात्यांचे आहेत, त्यासाठी ट्राय-विंग ड्रायव्हरच लागेल. पट्ट्या सोल्डर करताना प्लस-मायनस मल्टिमीटरने दोनदा तपासा.

'रिचार्जेबल सेलवर नवी आयपीएस स्क्रीन (मूळ स्क्रीनच्या जागी बसवतात ती) बंद पडते' असं तुम्ही वाचलंय. बऱ्याचदा दोष सेलचा नसतो, पॉवर स्विचचा असतो. इतक्या वर्षांत आत काळपट थर धरतो. समजा त्याने एकच ओहमचा अडथळा आला आणि कन्सोल २०० मिलीअँप घेतोय, तर ०.२ व्होल्ट तिथेच गेले. २.४ मधून एवढे गेले की उरतं काय? स्विचमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडा, बटण बऱ्याच वेळा पुढे-मागे करा, पूर्ण वाळू द्या. तोवर सेल बाहेर.

सेल घेताना एनेलूपसारखे, पडून राहिले तरी चार्ज टिकवणारे घ्या. १४५०० नावाचे सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेल असतात, पण ते ३.७ व्होल्टचे. दोन टाकलेत तर यंत्राची वाट लागली. यूएसबीवर थेट चार्ज होणारे १.५ व्होल्टचे सेलही मी टाळतो. आत लिथियमच असतं, आणि ते शेवटपर्यंत १.५ देऊन एकदम कापतात. लाल दिवा मंद होत जाऊन जी पूर्वसूचना मिळते ती मिळत नाही, सेव्ह चालू असताना बंद पडला तर गेलं.

प्रत्येक सेल वेगळा तपासणारा चार्जर घ्या आणि चार्जिंग कन्सोलच्या बाहेरच करा. ती पाऊच भंगारवाल्याला किंवा घंटागाडीत देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती वेगळी द्यायची असते. ई-कचरा संकलन केंद्रात नेताना 'फुगलेली आहे' हे आधीच सांगा.