'तीव्र' म्हणजे जोराचा की एकाएकी आलेला?

दारव्हा तालुक्यातल्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे. त्यांच्या वडिलांच्या डिस्चार्ज कार्डावर 'माइल्ड अक्यूट पॅनक्रियाटायटिस' असं निदान होतं. शाळेतल्या सहकाऱ्यानं त्याचं मराठी करून दिलं, 'सौम्य तीव्र स्वादुपिंडदाह', म्हणजे पोटातल्या पाचकरस करणाऱ्या ग्रंथीला, स्वादुपिंडाला, आलेली सूज. मग एक बातमी वाचनात आली: 'स्टॅटिनमुळे उंदरांच्या तीव्र स्वादुपिंडदाहाला उतार'. स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी. त्या विचारतात, एकच दुखणं सौम्य आणि तीव्र दोन्ही कसं? आणि उंदरांना गुण आला, तर ती गोळी बाबांना का नको?

घोळ 'तीव्र'नं घातलाय. डॉक्टरांच्या 'अक्यूट'चा दुखण्याच्या जोराशी संबंध नाही. दुखणं एकाएकी उद्भवलं, एवढंच तो सांगतो. त्याच्या उलट 'क्रॉनिक', म्हणजे जुनाट. मराठीत मात्र तीव्र म्हटलं की जोरच मनात येतो. जोर ठरवण्याची पद्धत वेगळी आहे. या दुखण्याची प्रतवारी डॉक्टर अटलांटा वर्गीकरणानं करतात; त्यात २०१२ साली सुधारणा झाली, त्यात सौम्य, मध्यम गंभीर आणि गंभीर असे तीन प्रकार आहेत. मूत्रपिंड किंवा फुप्फुसासारखा अवयव निकामी होऊन ४८ तासांनंतरही सावरला नाही, तर तो गंभीर. बाबांचा सौम्य होता, म्हणजे अवयव शाबूत होते आणि इतर गुंतागुंतही नव्हती.

अक्यूटला 'आशुकारी' आणि क्रॉनिकला 'चिरकारी' हे ग्रंथातले शब्द नेमके आहेत, पण पेशंटच्या घरी ते कोण बोलणार? आपल्या वऱ्हाडीत हा फरक केव्हाचा आहे. 'पोटात दुखनं उठलं' आणि 'दुखनं आंगात मुरलं' यांत कोणाची गल्लत होत नाही. म्हणून मी 'अक्यूट'साठी 'एकाएकी उठलेला' म्हणेन आणि जोरासाठी 'गंभीर' राखून ठेवेन.

उंदरांच्या बातमीत तर हा फरक फारच महत्त्वाचा. प्रयोगासाठी उंदरांत हा दाह मुद्दाम पेटवतात. एका पद्धतीत त्यांना सेरुलिन दर तासाला टोचतात. हे द्रव्य मुळात ऑस्ट्रेलियातल्या एका झाडबेडकाच्या कातडीत सापडलं. त्याच्या जादा मात्रेनं पाचक विकरं (एन्झाइम) स्वादुपिंडातच जागी होतात आणि त्यालाच पचवू लागतात. अमायलेज या विकराचं रक्तातलं प्रमाण चढतं, ग्रंथी पाणी धरून फुगते. रॅट जातीच्या मोठ्या उंदरांत हा दाह बहुधा सौम्यच राहतो आणि काही दिवसांत आपसूक ओसरतो. दुसऱ्या पद्धतीत स्वादुपिंडाच्या नळीत टॉरोकोलेट हा पित्तातला क्षार सोडतात. तिथं ग्रंथीचा भाग मरतो, प्राणीही दगावतात. दोन्ही 'अक्यूट'च! नुसतं 'तीव्र' वाचून यातलं कोणतं, हे कसं कळावं?

'उतार'ही मला खटकतो. उतार पडतो तो चढलेल्या दुखण्याला. अशा अनेक प्रयोगांत सिम्वास्टॅटिनसारखं स्टॅटिन दाह पेटवण्याच्या आधी दिलेलं असतं. माणूस मात्र कळ उठल्यावर दवाखाना गाठतो. तेव्हा बातमी अशी हवी होती: 'आधी स्टॅटिन दिलेल्या उंदरांत स्वादुपिंडदाह कमी भडकला'.

एवढ्यावरून बाबांना गोळी सुरू करू नका, बाई. कोलेस्टेरॉलसाठी ती आधीच चालू असेल, तर मनानं बंदही करू नका; कार्ड घेऊन डॉक्टरांनाच विचारा. आणि पोटात पुन्हा कळ उठली, ती पाठीत जाऊ लागली, ओकाऱ्या सुरू झाल्या, तर सोडा पाजण्यात वेळ न घालवता त्यांना दवाखान्यात न्या.