वाचक विचारतात : शिकताना विमान पडलं, त्याची नोंद कुठे?

प्रश्न : आमच्या गावचे एक तरुण १९४३ च्या सुमारास हवाई दलात गेले आणि शिकतानाच विमान पडून वारले. घरात एक फोटो आणि शाळेचा उर्दू दाखला आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर त्यांचं नाव नाही. आता कुठे पाहावं? (एक वाचक, उदगीर)

उत्तर : तिथे ते मिळणारच नाही. २०१९ मध्ये उभं राहिलेलं ते स्मारक स्वातंत्र्यानंतरच्या जवानांचं आहे. इंडिया गेटवरची नावं पहिल्या महायुद्धाच्या काळातली. दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांची यादी ठेवते कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही संस्था, आणि ती ऑनलाइन फुकट पाहता येते. ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ दरम्यान सेवेत असताना मृत्यू झाला, एवढं तिथे पुरतं. शत्रूच्या गोळीने गेला की शिकाऊ विमानातून पडून, असा भेद नाही.

खडकीच्या युद्ध दफनभूमीत थडगं दिसलं नाही म्हणून शोध सोडू नका. दहन झालेल्याचं थडगं असणार कसं? अशांसाठी दिल्ली छावणीतल्या युद्ध दफनभूमीत वेगळं स्मारक आहे. अविभाजित हिंदुस्थानच्या सैन्यातल्या २५,००० हून अधिक जणांची ती नोंद, तिचंच जोडस्मारक कराचीत.

शोधताना सगळ्यात जास्त घोळ आडनावाचा होतो. ‘जाधव’चा शेवट व्हीने, ओने की डब्ल्यूने, हे लिहिणाऱ्या कारकुनावर होतं. कधी वडिलांचं नावच आडनावाच्या रकान्यात बसतं. म्हणून आधी नाव टाकूच नका. दल ‘इंडियन एअर फोर्स’ आणि वर्ष निवडा, आणि आलेली यादी सावकाश वाचून काढा.

शाळेच्या दाखल्यावरचं साल फसली, म्हणजे निजामाच्या कारभारातल्या कालगणनेचं असणार. हैदराबाद संस्थानात हे वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागायचं. तारीख डिसेंबरअखेरपर्यंतची असेल तर फसली सालात ५९० मिळवा, जानेवारीपासूनची असेल तर ५९१. फसली १३५० म्हणजे १९४०-४१. सरसकट ५९० मिळवलं की जन्मसाल एका वर्षाने चुकतं आणि मग वय जुळत नाही.

प्रश्न : त्याच फोटोत टोपीच्या पुढच्या बाजूला पांढरी पट्टी आहे. ती कसली?

उत्तर : तीच तुमची मोठी खूण. ही पट्टी उड्डाणाचं शिक्षण चालू असलेल्याची. शिक्षण संपलं की ती जायची आणि डाव्या छातीवर दोन पंखांचा बिल्ला यायचा. तुमच्या फोटोत बिल्ला नसेल, तर फोटोच्या वेळी ते अजून शिकत होते. वैमानिकांचे पहिले धडे बेगमपेठ किंवा जोधपूरला, टायगर मॉथ विमानावर होत. पुढचे अंबाल्याला, हार्वर्ड विमानावर.

टायगर मॉथ १३० अश्वशक्तीचं, ब्रेक नाहीत, फ्लॅप (उतरताना पंखामागून खाली सोडायच्या झडपा) नाहीत. शिकाऊ मागे बसायचा, शिक्षक पुढे, बोलणं रबरी नळीतून. धोक्याची जागा म्हणजे उतरण्याआधीचं शेवटचं वळण. वेग कमी असतो. विमान धावपट्टीच्या पलीकडे जातंय असं वाटून शिकाऊ रडर (शेपटीचं सुकाणू) पायाने दाबतो आणि नाक वर ओढतो. आतल्या बाजूच्या पंखाची उचल संपते आणि विमान गिरकी घेत खाली येतं. थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) बंद, उलटा रडर पूर्ण, मग स्टिक (विमान वळवायचा दांडा) पुढे, हा उपाय प्रत्येकाला पाठ असे. तीन हजार फुटांवर तो लागू पडतो. तीनशे फुटांवर तेवढी जागाच उरत नाही. त्यात उन्हाळ्याची तापलेली विरळ हवा, म्हणजे इंजिनाची ताकद आणखी कमी.

प्रश्न : शाळेत फलक लावतोय. ‘शहीद’ लिहावं का?

उत्तर : लष्करी कागदात हा शब्द नाही. ‘युद्धात वीरमरण’ तर लिहूच नका, ते खोटं होईल. ‘प्रशिक्षण उड्डाणात, सेवेत असताना मृत्यू’ असं लिहा, आणि खाली तारीख, हुद्दा, सेवा क्रमांक.

शहाबादी फरशी स्वस्त पडते, पण तिचे पापुद्रे निघतात. काळा ग्रॅनाइट घ्या आणि अक्षरं कोरून घ्या, नुसती रंगवून नकोत. कोरण्याआधी मजकूर खऱ्या आकारात कागदावर छापून भिंतीला चिकटवा आणि दोन-तीन जणांकडून वाचून घ्या. रफार आणि अनुस्वार नेमके याच वेळी निसटतात. स्क्रू स्टेनलेसचे वापरा; लोखंडी गंजले की पहिल्याच पावसाळ्यात नावावर तांबूस ओघळ येतो.